पोपट का चावतो?

देऊळघाटच्या झाडांवर कलकलाट करणारा राघू पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मनाई आहे. त्याचा दक्षिण अमेरिकेतील भाऊबंद कॉन्युर मात्र काही घरांत दिसतो. वयात येताना तो बऱ्याचदा चावू लागतो. असे का?

पोपटाची चोच म्हणजे जणू तिसरा पायच! तिचा वरचा भागही हलतो. चढताना तो चोचीचा आधार घेतो, नवी वस्तू तिनेच चाचपतो. चावताच आपण हात झटकला, की 'चावल्याने हात दूर होतो' हे तो शिकतो.

चावण्यापूर्वी बुबुळातील बाहुली भराभर लहानमोठी होते, पिसे फुलतात. तेव्हाच हात थांबवला, तर चावण्याची गरज उरत नाही. शांत राहिल्यास दाणा द्यावा. मारल्याने भीती वाढते. विश्वास मात्र तुटतो.