भंगारातले चाक आणि वहाळाचा हिशेब

कोकणातल्या पावसाळ्यात वीज जाते ती नेमकी ढगांनी आभाळ भरलेल्या दिवसांत. छपरावरचे सौर पॅनलही तेव्हा आंधळे झालेले असते. घरामागचा वहाळ मात्र त्याच दिवसांत अहोरात्र धावत असतो. त्या पाण्यावर चार दिवे लावावेत म्हणून मी भंगारातून एक चाक केले आणि पहिल्या प्रयत्नात सपशेल फसलो. चूक शोधताना जे हाती लागले, ते इथे मांडतो आहे.

पहिले चाक मी वहाळाच्या सर्वांत वेगवान धारेत उभे केले. पाणी पात्यांवर आदळे, चाक फिरे. पण हाताने धरले की थांबे. जॉन स्मीटन या इंग्लिश अभियंत्याने १७५९ मध्येच याचा उलगडा केला होता. लहान प्रतिकृतींवर प्रयोग करून त्याने दाखवले, की खालून ढकलल्या जाणाऱ्या चाकापेक्षा वरून पाणी घेणारे चाक पाण्यातल्या शक्तीचा सुमारे दुप्पट वाटा कामी लावते. पहिल्यात पाण्याचा जोर आदळण्यात आणि फेसाळण्यातच सरतो; दुसऱ्यात पाणी कप्प्यांत बसते आणि आपल्या वजनाने चाक खाली ओढते. आपला रहाट आठवावा. तिथे बैल जोर लावतो आणि भरलेली गाडगी वर येतात. इथे भरलेली गाडगी खाली उतरतात आणि जोर आपल्याला मिळतो.

म्हणजे शोधायची ती उंची. हिशेब सोपा आहे: दर सेकंदाला येणारे लिटर, गुणिले पडण्याची उंची मीटरमध्ये, गुणिले ९.८, उत्तर वॉटमध्ये येते. मी पन्हळ लावून २०० लिटरचे पिंप भरून पाहिले. २० सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला १० लिटर. उतार दीड मीटरचा. एकूण १४७ वॉट. खोपोलीला १९१५ पासून टाटांचे जे वीजकेंद्र चालते आहे, तिथे लोणावळ्याच्या बाजूचे पाणी ५०० मीटरांहून अधिक खाली येते. सूत्र तेच, आकडे तेवढे घाटाचे.

दुसरे चाक १.२ मीटर व्यासाचे केले. जुन्या पलंगाच्या लोखंडी पट्ट्यांचे आरे, मोटारसायकलचा बेअरिंगसह हब आणि तेलाचे ८ डबे तिरके कापून झालेले १६ कप्पे. उभा चिरलेला पीव्हीसी पाइप पन्हळ झाला. चाक मिनिटाला साधारण २० फेरे घेऊ लागले, आणि इथे दुसरी अडचण उभी राहिली. मोटारीचा अल्टरनेटर भंगारात सहज मिळतो, पण त्याला मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे लागतात. शिवाय स्वतःचे चुंबकत्व जागे करायलाही तो बॅटरीतून वीज खातो. इतका वेग वाढवताना पट्ट्यांच्या घर्षणातच कमाई संपते. त्यापेक्षा विनापट्ट्याच्या वॉशिंग मशीनची मोटर बरी. तिच्यात कायमचे चुंबक असतात आणि मंद वेगातही ती वीज देते. चाकाच्या आसावर सायकलची रिम आणि मोटरवर लहान पुली बसवून वेग साडेसातपट केला. मोटरमधून येणारी वीज रेक्टिफायरमधून १२ व्होल्टच्या बॅटरीत सोडली.

मीटरवर आकडा आला १२.५ व्होल्ट आणि ३ अँपिअर, म्हणजे ३७ वॉट. १४७ पैकी जेमतेम चौथा हिस्सा. बाकीचे सांडण्यात, घर्षणात आणि तारांच्या उष्णतेत गेले. पण ३७ वॉट २४ तास मिळाले तर दिवसाला पाऊण युनिटाहून जास्त होतात. ९ वॉटचे चार एलईडी दिवे रात्रभर जळून फोन चार्ज करायलाही उरते. एक सावधगिरी हवीच. बॅटरी भरल्यावर तार नुसती तोडली, तर भार सुटून चाक उधळते आणि मोटरमधून झटका देणारा दाब येतो. म्हणून जास्तीची वीज तापणाऱ्या कॉइलकडे वळवावी लागते.

चाक बसले त्या दिवशी खालच्या वाडीतले काका आले. त्यांची सुपारी याच वहाळाच्या पाटावर. "आमचं पाणी तोडणार नाहीस ना रे?" त्यांनी विचारले. मी त्यांना चाकाच्या खाली नेले. तिथेही पिंप २० सेकंदांतच भरले. पाणी खर्च होत नाही, त्याची उंची तेवढी खर्च होते, हे मला पुस्तकाने सांगितले होते. काकांना ते पिंपाने पटवले. मात्र चाकाआधीचा बांध मी कायम ठेंगणाच ठेवला आहे.

दिवाळीपर्यंत वहाळ निम्मा होतो आणि दिवेही निम्मे. माघात चाक उतरवून मांगरात ठेवतो. तेव्हा ऊन असतेच. पॅनल आपले काम करते. ज्यांच्या दाराशी वहाळ आहे त्यांनी भंगारवाल्याकडे जाण्याआधी पिंप आणि घड्याळ घेऊन पाण्याकडे जावे. माझा एक पावसाळा ते न केल्यामुळे गेला.