सुटकेचे बिल कोणाच्या नावावर?

ऑक्टोबरात पुण्याहून मेहुणा आणि त्याची बायको आमच्याकडे आली होती. बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाकडे त्या दिवसांत पाहुणा आला, की त्याला गाडीत घालून न्यू हॅम्पशायरची रंगलेली पाने दाखवावीच लागतात. मेहुणा दर रविवारी सिंहगड चढणारा. "गाडीतून पाने काय बघायची? डोंगर चढू," म्हणाला, आणि आम्ही फ्रँकोनियाच्या डोंगरधारेकडे निघालो. अंगात जीन्स, पिशवीत ठेपले आणि चौघांत मिळून एक टॉर्च!

उतरताना मेहुण्याचा पाय मुरगळला. अंधार पडू लागला, वारा बोचू लागला. ९११ लावावा म्हणून मी फोन काढला, तोच बायकोने हात धरला. "थांब. त्यांनी हेलिकॉप्टर पाठवले, तर बिल कोण भरणार?" तिचेही चूक नव्हते. दहा मिनिटांच्या अँब्युलन्सचे बिल आम्ही एकदा पाहिलेले आहे. मी फोन खिशात ठेवला. कपाळावर दिवे बांधलेले दोन विद्यार्थी मागून आले, त्यांनी मेहुण्याला दोन्ही बाजूंनी आधार दिला, म्हणून रात्री दहाला आम्ही गाडीपाशी पोहोचलो.

आमचा तो निर्णय साफ चुकला होता. का, ते नंतर बरेच वाचल्यावर समजले. आपल्यापैकी अनेक कुटुंबे डोंगरात जातात, म्हणून ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी, की अमेरिकेत डोंगरातून सोडवून आणण्याचे पैसे बहुतेक ठिकाणी मागितले जात नाहीत. राष्ट्रीय उद्यानांत पार्क सर्व्हिस शोधकार्याचे बिल पाठवत नाही; समुद्रावर कोस्ट गार्डही पाठवत नाही. पश्चिमेकडच्या राज्यांत ही जबाबदारी बहुधा काउंटीच्या शेरीफची असते आणि प्रत्यक्ष स्ट्रेचर उचलणारे लोक स्वयंसेवक असतात. कोणी सुतार, कोणी शिक्षक. आपल्याकडे लोणावळ्याची 'शिवदुर्ग मित्र'ची मुले भर पावसात दरीत उतरतात, तसेच हे. मात्र एक भेद लक्षात ठेवावा. सुटका वेगळी आणि उपचार वेगळे. खासगी एअर अँब्युलन्सने रुग्णालयात नेले, तर ते वैद्यकीय बिल असते. २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने विमा असलेल्यांना त्यातल्या अचानक बिलांपासून बरेच संरक्षण दिले आहे. जमिनीवरच्या अँब्युलन्सला मात्र तो लागू नाही. भारतातून येणाऱ्या आईवडिलांचा प्रवासविमा घेताना हे कलम जरूर वाचावे.

दुसरी गोष्ट, न्यू हॅम्पशायर याला अपवाद आहे. तेथे शोधकार्य फिश अँड गेम खात्याकडे असते. या राज्यात पगारावर राज्याचा आयकर नाही, विक्रीकर नाही. शोधकार्याचा निधी वर्षानुवर्षे मुख्यतः बोटी, स्नोमोबाइल वगैरेंच्या नोंदणीवरच्या एकेक डॉलरमधून उभा राहिला. म्हणजे पैसे नावाड्याचे आणि सुटका डोंगर चढणाऱ्याची! त्यात डोंगर चढणारे पुष्कळसे बाहेरून, आमच्या मॅसॅच्युसेट्समधून गेलेले. तेव्हा त्या राज्याने कायदा केला. आधी केवळ बेदरकार वागणाऱ्याकडून खर्च वसूल करता येत असे. २००८ मध्ये साधा निष्काळजीपणाही त्यात आला. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, खराब हवामानाचा अंदाज आणि स्वतःचे जुने दुखणे या दोन्हींकडे दुर्लक्ष करून गेलेल्या एका माणसाचे ९,००० डॉलरहून अधिक रकमेचे बिल कायम केले.

त्याच वर्षी 'हाइक सेफ कार्ड' सुरू झाले. एका माणसाला २५ डॉलर, कुटुंबाला ३५. हे कार्ड असेल तर निष्काळजीपणाचे बिल येत नाही. बेदरकारपणाचे मात्र येऊ शकते. कोलोरॅडोतही असाच सामायिक निधी आहे: शिकारीच्या आणि मासेमारीच्या परवान्यांवर पाव डॉलर जमा होतो आणि त्यातून काउंटीचा खर्च भरून निघतो.

मला हा आधी भरण्याचा मार्ग पटतो. मागाहून बिल पाठवणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक साधा नियम आहे: चूक जितकी लवकर सापडेल, तितकी ती स्वस्तात सुधारते. डोंगरातही तसेच. दुपारी चारला आलेला फोन म्हणजे दोन माणसे आणि एक कुबडी. मध्यरात्री आलेला फोन म्हणजे वीस माणसे आणि थंडीने गारठलेला रुग्ण. बिलाची भीती माणसाला चारला फोन करू देत नाही. १९५९ साली स्थापन झालेली माउंटन रेस्क्यू असोसिएशन ही स्वयंसेवकांची संघटना नेमक्या याच कारणाने बिलांना विरोध करते. ज्यांना रात्री बाहेर पडावे लागते, त्यांचेच हे म्हणणे आहे.

पण पैशाने सगळे फिटते, असे मात्र नाही. जानेवारी १९८२ मध्ये ह्यू हर हा १७ वर्षांचा मुलगा एका सोबत्याबरोबर माउंट वॉशिंग्टनवर बर्फाच्या वादळात भरकटला. त्यांना शोधताना २८ वर्षांचा स्वयंसेवक अल्बर्ट डाउ हिमस्खलनात गेला. मुले जिवंत सापडली. हरचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. हाच हर पुढे एमआयटीत प्राध्यापक झाला आणि चालणाऱ्याला स्वतःहून जोर देणारे कृत्रिम पाय त्याने घडवले. डाउच्या मृत्यूने आपल्यावर जबाबदारी आली, असे त्याने जाहीरपणे सांगितले आहे. या ऋणाचे बिल कोणते खाते पाठवणार? आणि ते पाठवले असते, तरी कोणत्या रकमेचे?

म्हणून माझे उत्तर असे आहे. पैसे सगळ्यांनी थोडे थोडे आणि आधी भरावेत, भिशीसारखे. आणि जे डोंगरात जातात त्यांनी इतरांपेक्षा थोडे अधिक. मागाहून बिल फक्त त्यालाच, ज्याने जाणूनबुजून दुसऱ्याचा जीव पणाला लावला. उरलेले ऋण तयारीने फेडायचे: माणशी एक दिवा, लोकरीचे कपडे, हवामानाचा अंदाज आणि परत फिरण्याची ठरलेली वेळ.

आम्ही आता ३५ डॉलरचे कार्ड घेतले आहे. सौ. म्हणाली, "वर्षाला दोनदा तर जातो." मी म्हटले, ते आपल्यासाठी नाहीच, रात्री दहाला ज्यांना उठावे लागते, त्यांच्यासाठी आहे. शिवाय आता घरात एक ठराव पक्का आहे. पाय मुरगळला, की आधी फोन. हिशोब नंतर.