शांत पाण्याच्या पुढची पायरी

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर सुट्टीला जाणाऱ्या कुटुंबांना कयाक हा शब्द आता नवा राहिलेला नाही. खाडीच्या संथ पाण्यात अर्धा-पाऊण तास वल्हे मारायचे, फोटो काढायचे आणि परत यायचे, एवढ्यावर बहुतेकांची हौस भागते. काही मुलामुलींना मात्र त्याची गोडी लागते. वर्ष-दोन वर्षांत ती कयाक सरळ रेषेत चालवू लागतात, पाच-सात किलोमीटर न थकता जातात. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनमध्ये गेलेली आपली काही मुलेही तिथल्या क्लबात हे शिकतात. मग एक दिवस घरी विषय निघतो, "अब्बा, आता आम्हाला खाडीबाहेर, लाटांत जायचंय."

यावर घरात दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक, "अजिबात नाही." दुसरे, "जा, पण सांभाळून." दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. सांभाळून म्हणजे नेमके काय करायचे, हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते. अगदी नवखा माणूस समुद्राला घाबरतो, म्हणून वाचतो. मुरलेला माणूस समुद्र ओळखतो, म्हणून वाचतो. मधल्या पायरीवरच्या माणसाचे हात तयार झालेले असतात, पण नजर तयार झालेली नसते. म्हणून खरा धोका त्याला असतो.

१९९३ ची लाइम खाडी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचे गाव आहे. २२ मार्च १९९३ रोजी तिथून शाळेचे ८ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि २ प्रशिक्षक कयाकमधून शेजारच्या चारमथ गावाकडे निघाले. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. पण वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. अशा वाऱ्यात काठाजवळचे पाणी शांत दिसते, कारण लाटेला वाढायला जागाच मिळालेली नसते. जसजसे आत जावे तसतशी लाट मोठी होत जाते, आणि परतताना वारा थेट तोंडावर येतो.

शिक्षकांची कयाक पुन्हा पुन्हा उलटू लागली. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला. दुसऱ्याने मुलांच्या कयाक एकमेकींना धरून ठेवल्या, आणि तो सगळा गट वाऱ्याबरोबर खोल समुद्रात वाहत गेला. लाटांनी कयाक भरल्या आणि उलटल्या. परतण्याची वेळ टळून गेल्यावरही कित्येक तास तटरक्षकांना खबर गेली नाही. थंड पाण्यात तासन्‌तास राहिल्याने ४ मुले दगावली. पुढे आयोजक कंपनी आणि तिचा संचालक न्यायालयात दोषी ठरले. १९९५ मध्ये ब्रिटनने मुलांच्या साहसी उपक्रमांसाठी परवान्याचा कायदा केला.

त्या दिवशी कोणतेही वादळ आले नव्हते. काठावरून पाहणाऱ्याला समुद्र साधाच वाटला असता. धोका वाऱ्याच्या दिशेत होता, आणि एक जण पाण्यात पडल्यावर पुढे काय करायचे याची तयारी नव्हती.

आधी उलटायला शिकावे

कयाक ही मूळची ग्रीनलँड आणि उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची शिकारीची नाव. बर्फाळ पाण्यात पडणे म्हणजे मृत्यू, म्हणून नाव उलटली तरी आत बसल्या बसल्या वल्ह्याच्या आणि कमरेच्या झटक्याने ती सुलटी करण्याची विद्या त्यांनी घडवली. तिलाच 'रोल' म्हणतात. ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटाने १९२७ मध्ये वर्णने वाचून ती स्वतः साधली. जिनो वॉटकिन्स हा तरुण इंग्रज संशोधक ती ग्रीनलँडच्या शिकाऱ्यांकडून शिकला आणि तिच्यात तरबेज झाला. पण १९३२ च्या ऑगस्टमध्ये तो ग्रीनलँडमध्ये एकटाच शिकारीला गेला. सोबत्यांना त्याची रिकामी कयाक तरंगताना मिळाली, तो मिळाला नाही. कसब कितीही असो, एकट्याने जाऊ नये, हे या घटनेवरून कळते. तिघांपेक्षा कमी लोकांनी समुद्रात उतरू नये, असा कयाकच्या जगात जुना दंडक आहे. एक पाण्यात पडला तर दुसरा त्याला सावरतो आणि तिसरा दोघांना खडकांपासून ओढून दूर ठेवतो.

म्हणून मधल्या पायरीवरचा सराव लाटांपासून नव्हे, उलटण्यापासून सुरू होतो. समुद्री कयाक साधारण पाच मीटर लांब आणि अरुंद असते. बसण्याची जागा स्प्रे स्कर्ट नावाच्या आवरणाने कमरेभोवती बंद केलेली असते. कयाक उलटली की पुढे वाकायचे, स्कर्टची पुढची पट्टी ओढायची आणि बाहेर यायचे. पण कयाक आणि वल्हे हातचे सोडायचे नाही. मग साथीदार येतो, उलटलेल्या कयाकचे टोक आपल्या कयाकवर ओढून पाणी ओततो, ती सुलटी करून धरून ठेवतो आणि पडलेला माणूस मागच्या बाजूने पोटावर चढून आत बसतो. सरावलेली जोडी हे काम दोन-तीन मिनिटांत करते. सराव नसेल तर दहा मिनिटे जातात, आणि तेवढ्यात वारा दोघांना कुठल्या कुठे नेतो.

हे आधी तलावात, मग शांत समुद्रात, मग छोट्या लाटांत करावे. तलावात दहापैकी दहा वेळा जमणारा रोल लाटेत पहिल्यांदा बहुधा फसतो, कारण तिथे उलटण्याची बाजू आणि वेळ आपण ठरवलेली नसते. म्हणून रोल दोन्ही बाजूंनी शिकावा, आणि तो फसला तर काय करायचे याचाही तितकाच सराव करावा.

चाँद, भरती आणि वारा

भरती-ओहोटीचे पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत किंवा उतरत नाही. जुना ठोकताळा असा, की पहिल्या तासात एकूण चढाच्या बारा भागांपैकी एक भाग पाणी चढते, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. समजा एकूण चढ ३.६ मीटर आहे. पहिल्या तासात पाणी ३० सेंटिमीटर चढेल, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ९० सेंटिमीटर. म्हणजे खाडीतली ओढ मधल्या दोन तासांत सर्वांत जोराची असते. कयाकचा नेहमीचा वेग तीन नॉट, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर. ओढ चार नॉट असेल तर जीव तोडून वल्हे मारणाराही मागेच जातो.

शाळेच्या भूगोलात आपण उधाणाची आणि भांगाची भरती शिकलो. आपल्या घरांत चाँदच्या तारखा माहीत असतात, त्यामुळे हा हिशेब सोपा जातो. चाँद दिसल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तारखा आणि महिन्याच्या मध्याला चौदा ते सोळा तारखेच्या आसपास पाण्याला उधाण असते. सात ते नऊ आणि एकवीस ते तेवीसच्या आसपास भांग असतो, ओढ कमी असते. नवीन सराव भांगाच्या दिवसांत ठेवावा. हा अंदाज झाला. जाण्याआधी त्या बंदराचा भरतीचा तक्ता पाहावाच, आणि तिथल्या जुन्या मच्छीमाराला विचारावे.

वारा आणि ओढ एकमेकांच्या समोर आले की लाट उंच, उभी आणि तुटक होते. दाभोळ, बाणकोट, जयगड अशा खाड्यांच्या मुखाशी दुपारी हेच घडते. ओहोटीचे पाणी बाहेर धावते, समुद्रावरून खारे वारे आत येतात आणि सकाळी आरशासारखे असलेले पाणी उकळल्यासारखे दिसते. तांडेल अशा वेळी भरती फिरण्याची वाट पाहतात. कयाकवाल्यानेही पाहावी. लाटेची ताकद उंचीच्या वर्गाने वाढते. अर्ध्या मीटरच्या लाटेपेक्षा एक मीटरची लाट दुप्पट नव्हे, चौपट जोराची असते. आणि पावसाळ्यात, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींनाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तिथे कयाकचा विचारच नको.

लाटेत अंग सैल

घाबरलेला माणूस अंग ताठ करतो, वल्हे हवेत धरतो आणि कयाकच्या कडा पकडतो. तिन्ही गोष्टी त्याला उलटवतात. कंबर सैल हवी, म्हणजे कयाक खाली डोलते आणि खांदे वर स्थिर राहतात. वल्हे पाण्यात चालते ठेवावे. पाण्यातले वल्हे हाच तिसरा पाय. फुटती लाट बाजूने आली तर तिच्यापासून दूर न झुकता तिच्याकडे झुकावे आणि वल्ह्याचे पाते तिच्यावर सपाट टेकवावे. कोपर खांद्याच्या खाली आणि अंगाजवळ ठेवावे. हात उंच ताणलेला असेल तर लाट खांदा निखळवू शकते.

किनाऱ्यावर उतरताना फुटत्या लाटांच्या बाहेर थांबून पाच मिनिटे पाहावे. लाटा टोळीने येतात. मोठ्या लाटा गेल्या की शेवटच्या लाटेच्या पाठीमागून आत शिरावे. पाण्यात पडल्यास कयाक आणि किनारा यांच्या मधे कधीही राहू नये, समुद्राच्या बाजूला राहावे. पाण्याने भरलेली कयाक शेकडो किलोंची होते आणि लाट ती अंगावर फेकते.

चूक स्वस्तात पडेल अशी जागा

ब्रिटनमध्ये वेल्सजवळचे अँगलसी बेट या विद्येचे माहेरघर मानले जाते. तिथे पेनरिन मॉर नावाच्या टोकाजवळ उधाणाच्या दिवशी ओढ पाच-सहा नॉटच्या घरात जाते आणि खडकांवरून लाटांच्या रांगा उभ्या राहतात. जगभरचे कयाकवाले तिथे येतात. पण चांगला प्रशिक्षक शिकाऊ गटाला तिथे एकदम नेत नाही. आधी वाळूच्या उपसागरात, वारा किनाऱ्याकडे वाहत असताना, अर्ध्या मीटरच्या लाटांत. मग दोन नॉटच्या ओढीत. मग भांगाच्या दिवशी, पाणी मंदावत असताना, उभ्या लाटांच्या फक्त कडेला. प्रत्येक वेळी तो विचारतो, इथे कोणी पडले तर पाणी त्याला कुठे नेईल? उत्तर 'शांत पाण्याकडे' असेल तर सराव होतो. 'खडकांकडे' किंवा 'खुल्या समुद्राकडे' असेल तर जागा बदलते.

दुसरा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट कठीण करावी. वारा वाढवला तर लाट आणि ओढ कमी ठेवावी. ताशी २० ते २८ किलोमीटरचा वारा, ज्याला ब्युफोर्ट मापनात ४ क्रमांक म्हणतात, मधल्या पायरीवरच्या माणसाला पुरेसा कस लावतो.

कपडे आणि सामान

समुद्राला अंगभर कपडेच हवे असतात. आपल्याकडे ऊन आणि मीठ, ब्रिटनमध्ये थंडी. त्यामुळे पर्दा पाळणाऱ्या मुलींना या खेळात कपड्यांची अडचण कमी येते. अंगभर पोहण्याचा पोशाख आणि हेल्मेटखाली घट्ट बसणारा खेळाचा हिजाब चालतो. मात्र मोकळा दुपट्टा, लांब घेर किंवा पिना नकोत. सैल कापड अडकते, भिजून जड होते आणि स्कर्टची पट्टी झाकते. थंड पाण्यात पहिल्या मिनिटाला श्वास आपोआप धापा टाकतो, तेव्हा तोंड पाण्याबाहेर ठेवणे एवढेच काम असते. म्हणून लाइफ जॅकेट आधीपासून अंगात आणि घट्ट बांधलेले हवे. शिट्टी आणि पाण्यापासून जपलेला रेडिओ किंवा फोन नावेत नव्हे, अंगावर हवा. गटात ओढण्याची दोरी आणि जादा वल्हे हवे. भारतात तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे, आणि ११२ वरूनही मदत मिळते.

घरच्यांनी विचारायचे पाच प्रश्न

१. आज वारा कोणत्या दिशेने आहे, आणि दुपारी तो बदलणार आहे का?
२. भरती-ओहोटीची वेळ काय, ओढ सर्वांत जोराची कधी असेल?
३. गटात किती जण आहेत, आणि त्यांनी एकमेकांना पाण्यातून वर घेण्याचा सराव शेवटचा कधी केला?
४. मदत कशाने बोलावणार, आणि ते साधन कोणाच्या अंगावर आहे?
५. परतायची वेळ कोणती, आणि ती टळली तर किती मिनिटांनी किनाऱ्यावरून कोण फोन करेल?

या पाचांची उत्तरे मुलाने किंवा मुलीने न अडखळता दिली तर ती अर्धी तयार झालीच आहे. एखाद्या प्रश्नावर ती गप्प राहिली तर त्या दिवशी खाडीतच सराव करावा. आणि किनाऱ्यावर पोहोचून, पाणी पाहून, "आज नको" म्हणत मूल परत आले, तर त्याची चेष्टा करू नये. नाव किनाऱ्यावर ठेवून परत येणे हाही या शिक्षणातलाच धडा आहे, आणि तो घरच्यांच्या शाबासकीने पक्का होतो.