रानातली छावणी आणि तिच्यातली शाळा

शहरात राहणाऱ्या माणसाला आपल्या घरातील वस्तूंचा माग काढण्याची सवय नसते. ज्या फळीवर आपण पुस्तके मांडतो ती कोणत्या रानातून आली, ज्या रुळांवरून आपली गाडी धावते त्यांच्याखालचा भराव कोणी घातला, चहात पडणाऱ्या साखरेचा ऊस कोणाच्या हातांनी तोडला, याचा विचार आपण क्वचितच करतो. वस्तूचा भाव आपल्याला ठाऊक असतो, पण तिच्यामागचा माणूस ठाऊक नसतो. आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत ती हकीकत अशाच माणसांची आहे. ती दूरच्या कॅनडा देशातील आहे खरी, पण ऐकता ऐकता ती आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचते, असा आमचा अनुभव आहे.

एकोणिसावे शतक संपून विसावे सुरू होत असतानाचा काळ डोळ्यांपुढे आणावा. कॅनडाच्या उत्तरेकडे सूचिपर्णी वृक्षांची शेकडो मैल पसरलेली अरण्ये आणि त्यांत विखुरलेली असंख्य तळी. रस्ते नाहीत, गावे नाहीत. या रानातून लाकूड हवे होते, खनिजे हवी होती, आणि देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नवे लोहमार्ग न्यायचे होते. ही कामे माणसांच्या वस्तीपासून इतकी दूर, की रोज जाऊन येणे अशक्य. म्हणून कामाच्या जागीच छावणी पडे. काम संपले की छावणी उठे आणि पुढे सरके.

लाकूडतोडीच्या छावणीचा हंगाम निसर्गाने ठरवून दिलेला होता. शरद ऋतूत झाडे पाडायची, हिवाळ्यात बर्फाच्या रस्त्यांवरून घोड्यांच्या घसरगाड्यांनी ओंडके नदीकाठी आणायचे, आणि वसंतात बर्फ वितळून नद्या फुगल्या की ते पाण्यात सोडून खाली कारखान्यांपर्यंत वाहत न्यायचे. म्हणजे ज्या वसंत ऋतूत आपण व्याख्याने ऐकायला जमतो, त्याच ऋतूत ती माणसे गोठवणाऱ्या पाण्यात ओंडक्यांवर उभी राहून जीव मुठीत धरून काम करीत असत.

राहायला ओंडक्यांची लांबट बराक असे. आत दोन्ही बाजूंना एकावर एक अशा फळ्यांच्या दोन ओळी, त्यांवर गवत किंवा झाडाच्या डहाळ्या अंथरलेल्या. मध्ये एक मोठी शेगडी आणि तिच्यावर दोरीला टांगलेले पन्नास-साठ माणसांचे ओले मोजे. खिडक्या जवळजवळ नाहीतच. जेवणात घेवड्याच्या बिया, खारवलेले डुकराचे मांस, पाव आणि कडक चहा. पुष्कळ छावण्यांत जेवताना बोलायची बंदी असे. गप्पा मारीत बसले तर वेळ जातो आणि भांडणे होतात, असा त्यामागे हिशेब. पहाट होण्याआधी उठायचे, अंधार पडल्यावर परतायचे, आणि दिवसातून तीनदा एकत्र जेवूनही एकमेकांशी बोलायचे नाही! घरापासून शेकडो मैल दूर असलेल्या माणसाला या मुकेपणाचे काय वाटत असेल, याची कल्पना आपणच करावी.

आता या कामाचा आर्थिक सांगाडा पाहू, कारण मुख्य मुद्दा तेथे आहे. मजूर मिळवण्यासाठी शहरांतून दलाल बसलेले असत. स्वीडन, फिनलंड, इटली, युक्रेन अशा देशांतून नुकताच उतरलेला, इंग्रजी न जाणणारा तरुण त्यांच्याकडे येई. त्याला कामाच्या जागी पोहोचवण्याचे भाडे आधी दिले जाई आणि मग त्याच्या नावावर मांडले जाई. म्हणजे पहिली कुऱ्हाड चालवण्याआधीच तो कर्जदार झालेला असे. पुढे जेवणाचा खर्च, डॉक्टरची वर्गणी, छावणीतल्या दुकानातून घेतलेले बूट, हातमोजे, तंबाखू, हे सारे मजुरीतून कापले जाई. शिवाय मुख्य कंत्राटदार, त्याखाली पोटकंत्राटदार आणि त्याखाली आणखी एक, अशी उतरंड असे. या उतरंडीचा भार शेवटी सगळ्यांत खालच्या माणसावर पडे. आणि तो हिशेब मांडलेला असे त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत. हे सारे आज आपल्याला बारकाईने कळते ते मुख्यतः एडमंड ब्रॅडविन या गृहस्थामुळे. 1903 ते 1914 या काळातील लोहमार्गाच्या छावण्यांतील काम आणि मजुरी यांचा अभ्यास त्यांनी 1928 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ब्रॅडविन स्वतः या छावण्यांत राहिलेले होते, आणि तेही शिक्षक म्हणून. हे शिक्षक तेथे कसे पोहोचले, तीच आमची खरी गोष्ट.

आल्फ्रेड फिट्झपॅट्रिक नावाचे एक प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक होते. शाळा-महाविद्यालये शहरांत बांधायची आणि ज्याला शिकायचे त्याने तेथे यावे, ही रीतच त्यांना अन्यायाची वाटली. ज्यांच्या श्रमावर देश उभा राहतो ते लोक तर शाळेपर्यंत येऊच शकत नाहीत. मग शाळेनेच त्यांच्याकडे का जाऊ नये? या विचाराने त्यांनी 1899 साली उत्तर ऑन्टॅरिओच्या रानात काम सुरू केले. आरंभी योजना साधी होती. छावणीत एक झोपडी किंवा तंबू उभारायचा, त्यात दिवा, टेबल, पुस्तके आणि वर्तमानपत्रे ठेवायची. पुढे देखरेखीला एक शिक्षकही ठेवला.

पण नुसती पुस्तके ठेवून कोणी वाचत नाही, हा अनुभव जगातल्या सर्व वाचनालयांप्रमाणे त्यांनाही आला. पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. ज्यांना होती ते दहा-बारा तास राबून आलेले असत. आणि दिवसभर स्वच्छ कपड्यांत बसलेला, मऊ हातांचा तरुण रात्री आपल्याला शहाणे करायला निघाला आहे, हे त्या रांगड्या माणसांना रुचत नसे. उपाय एका शिक्षकालाच सुचला. दिवसभर रिकामे बसून कंटाळलेला तो एक दिवस कुऱ्हाड घेऊन सर्वांबरोबर कामावर गेला. संध्याकाळी तो त्यांच्याइतकाच थकून, त्यांच्याचसारखे हाताला फोड आणून परतला, आणि त्या दिवसापासून त्याचे शब्द ऐकले जाऊ लागले.

या साध्या घटनेतून एक संपूर्ण पद्धत जन्मली. दिवसा मजूर आणि रात्री शिक्षक! विद्यापीठांतील विद्यार्थी या कामावर जाऊ लागले. त्यांना मजुरी मिळे ती मजुराचीच. दिवसा रूळ टाकायचे किंवा झाडे पाडायची, आणि रात्री तंबूत किंवा बाजूला लावलेल्या रेल्वेच्या डब्यात कंदील लावून शिकवायचे. शिकवायचे काय? परक्या देशातून आलेल्याला रोजच्या वापराची भाषा. ज्याला हिशेब येत नाही त्याला आपल्या मजुरीचा हिशेब. ज्याला लिहिता येत नाही त्याला घरी पत्र लिहिण्यापुरते अक्षर. ज्या माणसाला आपल्या पगारपत्रकावरील वजावट वाचता येते, त्याला फसवणे पूर्वीइतके सोपे राहत नाही. विद्येची ताकद समजावून सांगायला याहून मोठ्या प्रमाणाची गरज नाही.

ही संस्था पुढे ‘फ्रंटियर कॉलेज’ या नावाने प्रसिद्ध झाली. 1922 साली कॅनडाच्या संसदेने तिला पदव्या देण्याचा अधिकारही दिला. रानातल्या मजुराने रानातच शिकून पदवीधर व्हावे, हे फिट्झपॅट्रिक यांचे स्वप्न होते. पण त्या देशात शिक्षण हा प्रांतांचा विषय. प्रांतांचा विरोध झाला, पैशाची ओढाताण तर होतीच, आणि काही वर्षांतच तो अधिकार सोडावा लागला. 1936 साली फिट्झपॅट्रिक वारले. मात्र त्यांची संस्था टिकली, आणि 1977 साली युनेस्कोने साक्षरतेच्या कार्याबद्दल तिचा गौरव केला.

या कार्याची केवळ स्तुतीच करून थांबणे बरोबर होणार नाही. परदेशी मजुरांना आपल्या साच्यात घालण्याची घाई या लोकांना होती. त्यांच्या पुस्तकांतून निरनिराळ्या देशांच्या माणसांविषयी वरचढपणाचे सूर निघत, हे आज वाचताना खटकते. शिकलेला मजूर शांत राहील, संपाच्या वाटेला जाणार नाही, असेही मालकांना सांगून त्यांची मदत मिळवली जाई. म्हणजे मजुराला जागे करायचे, पण फार जागे होऊ द्यायचे नाही, असा पेच त्यात होताच. पण शिक्षणाचे एक वैशिष्ट्य असे, की ते देणाऱ्याच्या हेतूपुरते मर्यादित राहत नाही. मजुरांची स्थिती जगापुढे मांडणारा ब्रॅडविन यांचा ग्रंथ याच संस्थेच्या शिक्षकाच्या हातून लिहिला गेला, हे विसरता येणार नाही.

आणखी एक उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. 1911 साली विद्यापीठातला अभ्यास मध्येच थांबवून एक विद्यार्थी ऑन्टॅरिओच्या लाकूडतोड्यांच्या छावणीत असाच मजूर-शिक्षक म्हणून गेला. त्याचे नाव नॉर्मन बेथ्यून. पुढे हे डॉक्टर बेथ्यून स्पेनच्या यादवी युद्धात जखमींपर्यंत रक्त पोहोचवण्यासाठी गेले, 1938 मध्ये चीनच्या रणभूमीवर गेले, आणि शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन 1939 च्या नोव्हेंबरात तेथेच वारले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाची धुरा 1941 साली ज्यांनी उचलली, ते आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. तेही 1942 च्या डिसेंबरात तेथेच कामी आले. रुग्णाने डॉक्टरकडे यावे ही वाट न पाहता डॉक्टरने रुग्णाकडे जावे, हा बाणा बेथ्यून यांनी केवळ त्या छावणीतच कमावला, असे आम्ही म्हणणार नाही. पण शाळेने मजुराकडे जावे हा धडा त्यांनी विशीच्या आरंभीच हाताला फोड आणून गिरवला होता, एवढे मात्र खरे.

आता आपल्याकडे वळू. कॅनडाचे रान दूर आहे, परंतु छावणी दूर नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडील आणि इतर दुष्काळी तालुक्यांतील बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायची असते, म्हणजे येथेही पहिला ऊस तोडण्याआधी माणूस कर्जदार. फडाजवळ किंवा कारखान्याच्या माळावर कोप्या उभ्या राहतात, आणि हंगाम संपेपर्यंत ते त्यांचे घर. फरक इतकाच, की कॅनडाच्या छावणीत एकटे पुरुष असत, येथे लेकरेही बरोबर असतात, आणि थोरल्या मुलीची शाळा धाकट्या भावंडाच्या पाळण्यापाशी संपते. या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, मुले गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. ज्यांनी हे केले त्यांना आमचा नमस्कार आहे. पण काम पुरे झाले, असे म्हणण्याची आपली छाती होणार नाही.

1875 साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तो ज्ञान चार पंडितांच्या घरांतून बाहेर काढून मंडपात आणण्यासाठी. 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र देऊन श्रम करणारा हात आणि लिहिणारा हात एकच करून दाखवला. घरातून मंडपात आणि मंडपातून खेड्यात, इतका प्रवास विद्येने आपल्याकडे केलेला आहे. मंडपातून कोपीपर्यंतचा टप्पा मात्र अजून बराचसा उरलेला आहे.

आम्ही कोणाला कोयता हाती घेण्याचा उपदेश करीत नाही. तो करण्याचा अधिकार आधी स्वतः घेतलेल्यालाच. पण आपल्या गावाच्या शिवेवर कोप्या पडतात तेव्हा एखाद्या संध्याकाळी तेथे जाऊन बसावे. शिकवायला म्हणून जाऊ नये, आधी ओळख करून घ्यायला जावे. एखाद्याने उचलीचा कागद पुढे केला तर तो वाचून समजावून सांगावा, आणि वजावटीची बेरीज त्याच्याकडूनच करून घ्यावी. त्या छावण्यांतील शाळेचा पहिला पाठही साधारण असाच होता.