मानेतल्या धमनीची सोनोग्राफी

वसईच्या गिरीजमध्ये काय किंवा मुंबईत काय, सोनोग्राफी म्हटलं की आधी गरोदर बाईच आठवते. पण तेच तंत्र मानेवर वापरून मेंदूकडे रक्त नेणारी कॅरॉटिड धमनीही तपासता येते. ना सुई, ना क्ष-किरण. मानेला थोडं जेल लावलं की झालं.

धमनीच्या भिंतीत साचलेला थर, म्हणजे प्लाक, पडद्यावर दिसतो. तो किती जाड आहे याइतकंच तो कसा आहे हेही महत्त्वाचं. कॅल्शियम साठलेला थर पांढरा चमकतो आणि मागे सावली टाकतो; मेदाने भरलेला मऊ थर काळसर दिसतो. पक्षाघाताची भीती या काळसर थराचीच अधिक.

याच सोनोग्राफीतलं डॉप्लर तंत्र रक्ताचा वेग मोजतं. बोटाने दाबलेल्या पाइपातून पाणी जोरात उडतं, तसंच अरुंद धमनीत रक्त धावतं. २००३च्या अमेरिकी निकषांनुसार वेग सेकंदाला २३० सेंटिमीटरच्या वर गेला, तर धमनी ७० टक्के किंवा अधिक अरुंद झाल्याचं मानतात.

त्रास नसताना सरसकट प्रत्येकाने ही तपासणी करून घेण्याची गरज नाही. मात्र हात क्षणभर लुळा पडला, बोलणं अडखळलं आणि लगेच सावरलं, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.