उधारीची पिशवी, पक्के बिल आणि पेटीतले कार्ड

मृग लागला की मोंढ्यातल्या कृषी सेवा केंद्रांवर झुंबड उडते. पाऊस झाला, वापसा आला, तिफण तयार आहे आणि खिशात पैसा नाही. अशा वेळी शेतकरी दुकानदाराला दोनच शब्द बोलतो, 'लिहून ठेवा.' दुकानदारही लिहून ठेवतो. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन घरात आले की ती वही उघडते. रोखीने घ्यावे की कार्डावर घ्यावे, याची चर्चा शहरात चालते. शेतकरी बंधूंनो, आपल्याकडे या दोघांच्या आधीपासून तिसरा गडी बसलेला आहे. तो म्हणजे उधारी.

आता पेटीत काय आहे ते पाहू. किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली सुरू झाले. त्या वेळी ते नावालाच कार्ड होते, पैशासाठी शाखेची पायरी चढावीच लागे. २०१२ साली योजना सुधारली आणि पुढे एटीएमवर व दुकानातील यंत्रावर चालणारे रुपे कार्ड शेतकऱ्याला मिळू लागले. आज सोसायटीच्या आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या पुष्कळ खातेदारांकडे हे कार्ड आहे. कुठे आहे म्हणाल, तर सातबारा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत, पाकीटसुद्धा न फोडलेले.

ज्यांनी पाकीट फोडले, त्यांच्यातही बरेच जण मंजूर झालेली सगळी रक्कम एकदम काढून घरी आणतात. मग त्यातून एखादे जुने देणे जाते, लग्नाचा आहेर जातो, उरलेल्यात बियाणे येते आणि खतासाठी पुन्हा उधारी. वास्तविक या खात्यावर जेवढे उचलाल तेवढ्यावरच आणि उचलल्या दिवसापासूनच व्याज लागते. तणनाशक जुलैत लागणार असेल तर त्याचे पैसे जूनमध्ये घरात आणून ठेवण्यात काय हशील? शिवाय पिकाच्या मर्यादेवर १० टक्के घरखर्चासाठी आणि २० टक्के अवजारे-मोटार यांच्या देखभालीसाठी धरलेले असतात. म्हणजे पिकापोटी १ लाख धरले असतील तर १० हजार घरासाठी व २० हजार दुरुस्तीसाठी. ही गोष्ट अनेक खातेदारांना कोणी सांगितलेलीच नसते.

थोडे हिशेबाचे बोलू. समजा, जूनमध्ये २० हजारांचा माल उधारीवर घेतला आणि दुकानदाराने शेकडा ८ रुपये जास्त लावले. पाच महिन्यांनी १,६०० रुपये वर गेले. हाच माल कार्डावर घेतला तर द.सा.द.शे. ७ ने पाच महिन्यांचे व्याज होते सुमारे ५८३ रुपये. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास केंद्राची ३ टक्के सवलत आहे, तेव्हा हा आकडा सव्वातीनशे ते साडेतीनशेवर येतो. राज्याने डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंत मुदतीत फेडणाऱ्यास शून्य टक्के व्याजाचे धोरण घेतले आहे. मात्र काही ठिकाणी बँक आधी व्याज कापते आणि सवलत मागाहून जमा होते. त्यासाठी पासबुक भरून घेत जा.

उधारी देणारा दुकानदारच अडत्या असेल तर हिशेब आणखी वाढतो. माल त्याच्याच दुकानावर टाकावा लागतो, भाव विचारण्याची सोय राहत नाही. क्विंटलमागे १०० रुपये कमी मिळाले तरी १५ क्विंटलला दीड हजार गेले. हे कोणत्याच वहीत लिहिलेले नसते.

माझ्या मते याहून मोठे नुकसान बिलाचे आहे. उधारीवाल्याला बहुतेक वेळा चिठ्ठी मिळते, बिल मिळत नाही. 'पैसे दिले की बिल देतो' असे सांगितले जाते. हे नियमाला धरून नाही. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ आणि खत नियंत्रण आदेश १९८५ या दोन्हींत विक्रेत्याने रोख असो वा उधार, बिल द्यायचे आहे. खताच्या गोणीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेणे हाही गुन्हा आहे, उधारीचे निमित्त तिथे चालत नाही.

२०२०च्या खरिपात सोयाबीन उगवलेच नाही, तेव्हा मराठवाड्यात तक्रारींचा पाऊस पडला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. तालुक्याची समिती पंचनाम्याला बांधावर आली की पहिल्यांदा बिल विचारते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष बियाण्याबाबत शेतकरी हा ग्राहकच आहे असे स्पष्ट केले, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे. पण तिथेही खरेदीचा पुरावा लागतोच. चिठ्ठीवर ना वाणाचे नाव, ना लॉट नंबर.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कार्ड घासल्यावर यंत्रातून निघणारी पावती किंवा मोबाईलवर येणारा संदेश म्हणजे बिल नव्हे. त्यात फक्त रक्कम असते. आणि खताच्या दुकानात आपण ज्या यंत्रावर अंगठा लावतो ते तर पैसे घेण्याचे यंत्रच नाही. खत कोणाला विकले याची नोंद तिथे होते व त्यावरून कंपनीला अनुदान मिळते. तुमच्या अंगठ्यावर किती गोण्या चढल्या, ते त्याच्या पावतीवर वाचून घ्या.

कार्ड म्हणजे सगळे सोपे, असेही नाही. ऐन पेरणीत नेटवर्क जाते, वीज जाते, खेड्यातल्या दुकानात यंत्रच नसते. निंदणीची, कापणीची मजुरी रोखच द्यावी लागते आणि बाजारात भाजीवालीपुढे कार्ड धरून उपयोग नाही. तेवढी रोकड घरात हवीच. पण सगळेच रोकडीत ठेवण्याचा धडा ८ नोव्हेंबर २०१६ नंतर आपण घेतला आहे. जुन्या नोटा घ्यायला जिल्हा बँकांना १४ नोव्हेंबरपासून मनाई झाली आणि रब्बीची पेरणी तोंडावर असताना खातेदार दारातून परतले. २१ तारखेला जुन्या पाचशेच्या नोटांवर सरकारी केंद्रांतून बियाणे घ्यायची मुभा मिळाली, पण तोवर वापसा कोणासाठी थांबतो?

'कार्डाचे दोन टक्के जास्त लागतील' असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला ते शुल्क लागत नाही. पुण्या-मुंबईच्या मुलाकडे असते ते क्रेडिट कार्ड वेगळे. त्याचे बिल थकले तर महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढे व्याज जाऊ शकते. नाव सारखे म्हणून त्यावर खत घेऊ नये.

काही गावांत कार्ड आणि पिन दोन्ही दुकानदाराकडेच ठेवलेले दिसतात, तर कुठे कार्डाच्या पाकिटावरच पिन लिहिलेला असतो. पिन आपण होऊन दिला तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्याच माथी बसते. आपली काही चूक नसताना पैसे गेले तर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ग्रामपंचायतीची मंडळी व गटसचिव यांनी मे महिन्यातच एक दिवस चावडीवर बसून, कोणाचे कार्ड चालू आहे, कोणाची मुदत संपली, हे पाहून घेतले तर जूनची धावपळ वाचेल.

या हंगामात बिल मिळाले की त्यावर आपले नाव, वाण, लॉट नंबर आणि तारीख दुकानातच वाचून घ्या. मूठभर बियाणे, पिशवी आणि टॅग बिलासोबत ठेवा. पिशवी छान मजबूत असते, मान्य. पण शेतात उगवण नीट दिसेपर्यंत तिच्यात शेंगदाणे भरू नका.