पुण्या-मुंबईत चांगलं वाईन शॉप कसं शोधायचं? मॅपवर सर्च करण्याआधी हे वाचा

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात काम करतो. महिन्या-दोन महिन्यांतून कामानिमित्त पुण्याला किंवा मुंबईला जाणं होतं. जाताना कोणी ना कोणी सांगतंच, "येताना एक चांगली वाईन घेऊन ये, गिफ्ट द्यायची आहे." अनोळखी शहरात चांगलं दुकान शोधायचं तर आपण काय करतो? मोबाईल काढतो आणि 'वाईन शॉप नियर मी' टाकतो. घोळ इथूनच सुरू होतो.

'वाईन शॉप' म्हणजे वाईनचं दुकान नव्हे

आपल्या महाराष्ट्रात व्हिस्की, रम, बिअर विकणाऱ्या दुकानावरही 'वाईन्स' अशीच पाटी असते. गुगल मॅप्सला तुमच्या मनातलं कळत नाही. रिझल्टचा क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: तुमच्या शब्दांशी जुळणी, अंतर आणि ते ठिकाण किती प्रसिद्ध आहे. त्यामुळे स्टेशनजवळचं, भरपूर रिव्ह्यू असलेलं दुकान वर दिसतं. तिथे द्राक्षाच्या वाईनच्या चारच बाटल्या, त्याही धूळ खात पडलेल्या असू शकतात. 'सोलापुरी चादर' अशी पाटी लावून बाहेर काय काय विकतात हे आपल्याला माहीत आहेच. हाही तसलाच प्रकार!

मग सर्च कसं करायचं?

१. ब्रँडचं नाव वापरा. 'वाईन शॉप' टाकून आलेल्या दुकानांपैकी एक उघडा. रिव्ह्यूजमध्ये सर्चचं चिन्ह असतं. तिथे 'सुला', 'फ्रातेल्ली' किंवा 'रेड वाईन' असं इंग्रजीत टाका. लोकांनी खरंच वाईन घेतली असेल, तर लगेच कळतं.

२. नुसते स्टार पाहू नका. १२ रिव्ह्यूंवर ५.० पेक्षा ९०० रिव्ह्यूंवर ४.२ जास्त भरवशाचं. रिव्ह्यू 'न्यूएस्ट' लावून वाचा. दोन वर्षांपूर्वीचं कौतुक आज काय कामाचं?

३. फोटो पाहा. मालकाने टाकलेले नाही, गिऱ्हाइकांनी टाकलेले. गिऱ्हाइकाला आत जाऊन बाटली निवडता येते, की काउंटरच्या जाळीतून हात घालून घ्यावी लागते? वाईनसाठी वेगळं कपाट किंवा फ्रिज दिसतोय का?

४. 'ओपन नाऊ' लावा, पण कॅलेंडरही बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे असतात. निवडणुकीत मतदानाच्या आधीही दुकानं बंद असतात. मॅप हे दरवेळी दाखवेलच असं नाही.

दुकानात गेल्यावर

बाटलीवर एमआरपी छापलेली असते. त्यामुळे स्वस्त दुकानापेक्षा माल नीट ठेवणारं दुकान शोधणं फायद्याचं. वाईनला ऊन आणि उष्णता सोसत नाही. एसी चालू आहे का, बाटल्या उन्हात तर नाहीत ना, हे बघा. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या हव्यात, म्हणजे बूच वाळत नाही. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी असली तरी चालते. लेबलवरचं वर्ष म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष. साधी व्हाईट किंवा रोझे घेताना शक्यतो अलीकडचं वर्ष निवडा.

नाव माहीत नसेल तर व्हिव्हिनो हे अ‍ॅप वापरा. लेबलचा फोटो काढला की त्या वाईनला लोकांनी ५ पैकी किती दिलेत ते दिसतं. मात्र भारतीय वाईनला रेटिंग देणारे कमी असतात, म्हणून आकड्यासोबत किती जणांनी दिलंय तेही पाहा.

फोन नंबरपासून सावध!

सगळ्यात महत्त्वाचं हेच. मॅपवरच्या माहितीत बदल सुचवायची सोय कोणालाही असते. तिचा गैरफायदा घेऊन भामटे वाईन शॉपच्या नावावर स्वतःचा नंबर टाकतात. तुम्ही फोन करता, समोरचा "होम डिलिव्हरी देतो, आधी पैसे पाठवा" म्हणतो. मग 'रिफंड'साठी क्यूआर स्कॅन करायला किंवा ओटीपी सांगायला लावतो. लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. मॅपचा उपयोग रस्ता शोधायला करा, पैसे दुकानात उभं राहूनच द्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

आणि हो, महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या वेबसाईटवर त्यासाठी ऑनलाईन अर्ज करता येतो. परवाना आणि बिल, दोन्ही जवळ ठेवा.

जाता जाता

सोलापूरकरांनी पुण्यात जाऊन कुठली वाईन मागावी? आपल्याच जिल्ह्यातली! फ्रातेल्लीचे द्राक्षमळे अकलूजजवळ आहेत. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा भावांनी मिळून ती सुरू केली. इटालियन भाषेत 'फ्रातेल्ली' म्हणजे भाऊच. त्यांच्या 'सेट्टे' या रेड वाईनचं नाव विचारून बघा. दुकानदाराने लगेच "कुठल्या वर्षाची हवी?" असं विचारलं, तर समजा दुकान बरोबर सापडलं. "ते काय असतं?" म्हणाला, तर मॅपवरचं पुढचं दुकान बघा. आणि एप्रिल-मे असेल तर बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपल्या सोलापूरच्या उन्हात तिचा काढा होईल!